तोफेला ऑइल पेंट फासणं बंद करा

शिवजयंती किंवा महाराष्ट्र दिन आला की चौकातल्या, वेशीवरच्या, गडाच्या दरवाजातल्या तोफांवर काळ्या ऑइल पेंटचे हात मारले जातात. गंज काढलेला नसतो, नळीत पाणी तसंच असतं. फोटोपुरती चकचकीत! खाली ओल कोंडते आणि लोखंड सडत राहतं. कोकणात तर खाऱ्या वाऱ्यातलं मीठ गंजात मुरलेलं असतं. ते धुऊन काढल्याशिवाय कितीही रंग चढवा, पोपडे सुटणारच, आणि पोपड्यांबरोबर तोफेची मूळ कातही गळून पडते.

मग पुढच्या वर्षी ग्राइंडर! संताप होतो तो इथे. विलायती ओतीव तोफेच्या पाठीवर राजचिन्ह आणि बऱ्याचदा तीन आकडे असतात. ते तिचं वजन: पहिला आकडा ११२ पौंडांच्या हंड्रेडवेटचा, दुसरा २८ पौंडांच्या पावांचा, तिसरा सुट्या पौंडांचा. बाजूच्या आडव्या दांड्यांवर कारखान्याची खूण असते. चकती दोन मिनिटं फिरली की हे सगळं कायमचं गेलं. पट्ट्यांवर कडी चढवून घडवलेल्या देशी तोफेत सांध्यांत रंग भरतो आणि आत शिरलेल्या पाण्याला बाहेरची वाटच उरत नाही.

त्यात ते सिमेंटचे चौथरे! अर्धी तोफ गाडायची आणि तोंड आभाळाकडे. चार महिने पाऊस आत, वर गुटख्याच्या पुड्या.

तोफ जमिनीपासून वीतभर वर, दोन भक्कम आधारांवर ठेवा. तोंड किंचित खाली झुकलेलं, बत्तीचं छिद्र मोकळं. एवढ्यानेच निम्मं नुकसान टळतं. सुटा गंज हाताच्या ब्रशने काढायचा, गोड्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुवायचं, पूर्ण वाळवायचं, मग गंज स्थिर करणाऱ्या टॅनिक आम्लाचा हात आणि वर मायक्रोक्रिस्टलाइन मेण (संवर्धनात वापरतात ते बारीक कणांचं मेण). मेण दर वर्षी, पावसाळ्याआधी. हेही जाणकार संवर्धकाच्या देखरेखीखालीच. पंचधातूच्या तोफेला तर चिंच-लिंबू लावूच नका. तिच्यावरचा हिरवट थर घासून काढायचा नसतो.

आणि परवानगी? राष्ट्रीय संरक्षित स्मारकाची नासधूस केली तर १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यात २०१० च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहेत. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्रातले आपले अकरा किल्ले आणि तामिळनाडूतला जिंजी युनेस्कोच्या जागतिक वारशात गेले. त्यातल्या खांदेरीवर गाड्यासकट तोफा उभ्या आहेत. रंगाचा डबा घेऊन तिथे कुणीही जाऊ नये.