गाडी आणि फोनचा अबोला

गाडी घेताना शोरूममधल्या मुलीने डॅशबोर्डवरच्या स्क्रीनवर बोट फिरवत सांगितलं होतं, "सर, फक्त केबल लावायची, बाकी सगळं आपोआप." खोटं नाही बोलली. दोन वर्षं फोन आपोआप जोडला जात होता. यंदाच्या जानेवारीपासून तो आपोआप तुटायलाही लागला.

पहिल्यांदा झालं ते सोसायटीच्या गेटपाशी. पुढची चाकं स्पीडब्रेकरवर चढली, स्क्रीनवरचा नकाशा नाहीसा झाला आणि त्या जागी एफएमवर मुतखड्याच्या औषधाची जाहिरात ठणाणा वाजू लागली. फोन तुटला की आमची गाडी रेडिओच्या आसऱ्याला जाते, तेही पूर्ण आवाजात. मागची चाकं उतरली आणि नकाशा परत आला. मला वाटलं, असेल काहीतरी. पण पुण्यात दोन स्पीडब्रेकरांमध्ये अंतर ते किती असतं! डेक्कनला पोचेपर्यंत मुतखड्याचे सगळे उपाय मला तोंडपाठ झाले होते.

खरी शोभा झाली ती फेब्रुवारीत. पनवेलला मावसबहिणीच्या मुलीचा साखरपुडा, मुहूर्त साडेअकराचा. मागे आई-बाबा, शेजारी बायको, तिच्या मांडीवर ओटीचं ताट. कोथरूडहून चांदणी चौकात आलो. हा चौक 2023 च्या ऑगस्टमध्ये नवा पूल खुला झाल्यापासून चौक राहिलेला नाही. कुठून कुठला रॅम्प फुटतो आणि कुठे जाऊन मिळतो हे रोज जाणाऱ्यालाही छातीठोक सांगता येत नाही. नकाशातली बाई म्हणाली, "तीनशे मीटरवर..." आणि खड्डा आला. पुढचं वाक्य मुतखडेवाल्याने पूर्ण केलं.

"डावीकडे," बायको म्हणाली. "सरळ," बाबा म्हणाले. मी दोघांचा मान राखण्याच्या नादात भूगावच्या रस्त्याला लागलो. दुतर्फा मंगल कार्यालयांच्या कमानी. बाबा काचेतून बघत शांतपणे म्हणाले, "इथे कुणाचा तरी साखरपुडा असेलच. जेवून घेऊ."

आम्ही पनवेलला पोचलो तेव्हा पेढे वाटून झाले होते.

त्यानंतर घरी उपायांची रांग लागली. बंद करून चालू कर, हा पहिला. तो मी इतक्यांदा केला की फोनला स्वतःचं नाव आठवत असेल की नाही, शंकाच आहे. संगणक शिकणारा भाचा आला. त्याने केबल हातात घेऊन नाडीपरीक्षा केली. "मामा, ही नुसती चार्जिंगची आहे. वीज नेणाऱ्या तारा वेगळ्या, माहिती नेणाऱ्या वेगळ्या. स्वस्तातल्या केबलीत काही वेळा दुसऱ्या घालतच नाहीत." मी म्हटलं, अरे, मग दोन वर्षं नकाशा दिसत होता तो काय साक्षात्कार होता? त्यावर त्याने फोनमधलं बॅटरी वाचवायचं सेटिंग बंद केलं. नकाशा तुटायचा थांबला नाहीच, वर संध्याकाळपर्यंत बॅटरी संपायला लागली. तरी भाच्याचा मान म्हणून साडेपाचशेची जाड केबल आणली. तीही तुटायची, फक्त जास्त दिमाखात.

मग सर्व्हिस सेंटर. तिथल्या सल्लागाराने स्वतःचा फोन लावून दाखवला. चालला. "सर, प्रॉब्लेम फोनचा आहे." फोनवाल्यांच्या केंद्रात गेलो. त्यांनी फोन लॅपटॉपला लावला. टेबलावर तो देवासारखा निश्चल पडून होता, तुटेल कशाला? "सर, प्रॉब्लेम गाडीचा आहे." तलाठी आणि तहसीलदार यांच्यामध्ये सातबाऱ्याचं काय होतं ते मला त्या दिवशी कळलं. मध्ये एकदा पेनड्राइव्हवरून गाडीचं सॉफ्टवेअरही बदललं. पाऊण तास पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून, स्टिअरिंगवर हात ठेवून नुसता बसलो होतो. वॉचमनकाकांनी काचेवर टकटक केली. "साहेब, वहिनींशी काही झालंय का?"

आता यातली गंमत ऐका. नकाशा येतो केबलमधून, पण फोनवरचं बोलणं जातं ब्लूटूथवरून, आणि ते खातं नको तितकं तत्पर. हॅराल्ड ब्लूटूथ हा दहाव्या शतकातला डेन्मार्कचा राजा. त्याने डेन्मार्क आणि नॉर्वे एका सत्तेखाली आणले, म्हणून यंत्रं जोडणाऱ्या या युक्तीला त्याचं नाव दिलं. ती निळी खूण म्हणजे जुन्या रूनी लिपीतली त्याचीच आद्याक्षरं, एकमेकांत गुंतवलेली. राजा अजून जोडतोच आहे. परवा मी पहिल्या मजल्यावर गॅलरीत उभा राहून साहेबांना खोल आवाजात सांगत होतो, "सर, अंगात ताप आहे, उठवत नाहीये." त्याच क्षणी बायकोने खाली गाडी सुरू केली. माझ्या कानात शांतता, आणि पार्किंगमधून साहेबांचा आवाज: "हॅलो? हॅलो? बरं, आराम करा." मागून बायकोचा: "अहो, त्याला कसला ताप? आत्ता तर मिसळ खाल्ली!"

शेवटी गेलो मंडईजवळच्या एका मोबाईल दुरुस्तीच्या खोपटात. दुकान कसलं, जिन्याखालची जागा. विशीतला पोरगा, कपाळावर बॅटरी बांधलेली. त्याने ना गाडीचं मॉडेल विचारलं, ना सॉफ्टवेअर. केबल खोचली आणि म्हणाला, "बसत नाहीये पूर्ण. बघा." खरंच, प्लगची चकचकीत कड केसभर बाहेर राहत होती. दोन महिने माझ्या डोळ्यांसमोर होती ती.

त्याने फोन बंद केला, लाकडी दातकोरणी तासून चपटी केली आणि चार्जिंगच्या भोकात हळूच फिरवली. आधी करड्या रंगाचा बोळा आला, खिशातल्या लोकरीचा, नमद्यासारखा दाबून बसलेला. मग त्याने मान तिरकी केली, पुन्हा कोरलं, आणि काउंटरच्या काचेवर काहीतरी टिचकन पडलं. दोघंही वाकलो.

तीळ.

मला कुर्ता आठवला. 14 जानेवारी, शेजारच्या काकूंनी हातावर ठेवलेली तिळाची वडी, बोटं चिकट होतात म्हणून खिशात टाकलेली. त्याच खिशात फोन. "वडी खिशात ठेवू नकोस रे," असं मागून कुणीतरी म्हणालंही होतं. तेव्हापासून तो तीळ फोन आणि गाडीच्या मधोमध बसून दोघांना बोलू देत नव्हता.

पोराने बोटाच्या टोकावर तो उचलला आणि माझ्या तळहातावर ठेवला. "घ्या काका." पुढचे शब्द त्याने गिळले, पण ओठ हलले होते. पैसे वीस.

येताना गेटवरचा स्पीडब्रेकर मी मुद्दाम जोरात घेतला. नकाशा हलला नाही. मुतखडेवाला गेला तो गेलाच.

"काय होतं शेवटी?" बायकोने विचारलं.

"केबल," मी म्हटलं.