नेवारांच्या लिप्या आणि तुरुंगातले महाकाव्य

आपल्याकडे प्रसिद्ध झालेल्या लेखात नेपाळी साहित्याचा परिचय करून देताना लेखकाने नेपाळीचे आदिकवी भानुभक्त आचार्य यांचे रामायण आणि ते बनारसहून छापून आणणारे मोतीराम भट्ट यांच्याविषयी आस्थेने लिहिले आहे, याबद्दल आभार. मात्र ‘नेपाळची लिपी देवनागरीच’ हे त्यांचे विधान अपुरे वाटते. काठमांडू खोऱ्यातील नेवार समाजाची ‘नेपाळ भाषा’ (म्हणजे नेवारी; ही नेपाळीहून वेगळी) तिबेटी-बर्मी कुळातली असून तिच्यासाठी रंजना, भुजिमोल, प्रचलित अशा स्वतंत्र लिप्या होत्या. त्यांपैकी रंजना तर तिबेटातही पोहोचली आणि प्रार्थनाचक्रांवर ‘ओम मणिपद्मे हूम्’ आजही त्याच ठसठशीत, रुंद शिरोरेषेच्या अक्षरांत कोरलेले दिसते.

ही अक्षरे मागे पडली त्यामागे नेपाळवर वंशपरंपरेने सत्ता गाजवणाऱ्या राणा पंतप्रधानांच्या राजवटीची दडपशाही होती, आणि लेखात तिचा उल्लेखही नसावा हे खटकते. कवी चित्तधर ‘हृदय’ यांना नेपाळ भाषेत कविता लिहिल्याबद्दल १९४० च्या दशकात तुरुंगवास झाला. तिथेच त्यांनी बुद्धचरित्रावरील ‘सुगत सौरभ’ हे महाकाव्य रचले आणि मिळेल त्या कागदाच्या कपट्यांवरचा तो मजकूर त्यांच्या बहिणीने गुपचूप बाहेर आणला. (तीही लेखिका म्हणून ओळखली जाते.) २०१५ च्या संविधानाने देशात बोलल्या जाणाऱ्या सर्व मातृभाषांना राष्ट्रभाषा म्हटले असले, तरी सरकारी कामकाजाची भाषा देवनागरीतली नेपाळीच ठेवली आहे. पुढील लेखात पूर्व नेपाळातील लिंबू समाजाच्या सिरिजंगा लिपीबद्दलही वाचायला आवडेल.