आधी नळाला पाणी आणा, मग मजले चढवा!

पेपरच्या कोपऱ्यात परत ती टीसीपीची, म्हणजे नगरनियोजन खात्याची, जमिनीचा झोन बदलायची नोटीस. सर्व्हे नंबर, पोटविभाग, क्षेत्रफळ, 'एस-2 मधून सी-1'. हरकती असतील तर 30 दिवसांत द्या म्हणे! आमच्या वाड्यावर कुणालाही सर्व्हे नंबर विचारा, तोंडाकडे बघत बसेल. 'घाटीखालचं काजूचं भाट' म्हणा, डोळे मिटून नेऊन सोडेल. हे नोटीस काढणाऱ्यांना ठाऊक नाही असं थोडंच आहे? म्हणून तर तशी काढतात.

या दोन अक्षरांत काय दडलंय ते ऐका. एस-2 म्हणजे वस्तीचा झोन, एफएआर 80, म्हणजे जागेच्या 80 टक्के बांधकाम. सी-1 म्हणजे व्यापारी झोन, एफएआर 200. हजार चौरस मीटरच्या जागेत काल 800 चौरस मीटर बांधता येत होतं, उद्या 2000. खाली गाड्यांसाठी स्टिल्ट वेगळंच. आणि आजूबाजूला काय, एक चार मजली बिल्डिंग सोडली तर सगळी कौलारू घरं, फार तर वर एक मजला. माडापेक्षा उंच काही नाही इथे.

बरं, बांधा. पण पाणी? गोव्यातल्या फोंडा तालुक्यात राहतो आम्ही. पणजीच्या नळाला जातं ते पाणी आमच्या तालुक्यातल्या ओपाच्या पाणी प्रकल्पाचं. आणि आम्ही पहाटे उठून जमिनीखालची टाकी भरतेय का बघत उभे! पाईप जुनाच, अर्ध्या वाटेत कुणीतरी पंप लावलेला. पाणी खात्यात विचारायला गेलं तर म्हणतात, 'लोड वाढलाय.' अरे, वाढवला कुणी? आणि वाढलाय हे माहीत असताना आणखी वाढवायला परवानगी देताय कशी?

मग टँकर येतो. दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे, मधून जेमतेम एक गाडी जाईल एवढी वाट. टँकर रिव्हर्स घेताना आमच्या गडग्याचा कोपरा पाडतो, आम्ही बांधून घेतो, तो परत पाडतो. गॅसची गाडी वळणावरच थांबते, सिलिंडर खांद्यावरून आणावा लागतो. उद्या वरच्या मजल्याला आग लागली तर बंब कुठून येणार? आकाशातून?

सांडपाण्याचं तर बोलूच नका. वाड्यावर मलनिस्सारणाची लाईन नाही, सगळं सेप्टिक टँक आणि सोकपिटवर. जमीन जांभ्याची, पाणी झिरपणारी. पावसाळ्यात आधीच तुडुंब. शेजारी ती चार मजली बिल्डिंग झाली तेव्हापासून जून उजाडला की गटारातून काळं पाणी वाहतं, आणि उताराला आमच्या विहिरी. आईच्या वेळी मे महिन्यातसुद्धा त्याच विहिरीचं पाणी प्यायचो. आता कपडे धुवायलाही नको वाटतं. पंचायत म्हणते आरोग्य खात्याकडे जा, आरोग्य खातं म्हणतं पंचायतीकडे जा.

'विकासाला विरोध करता' हा टोमणा ठरलेलाच. बाबा रे, माझा स्वतःचा पोरगा भाड्याने राहतोय, त्याला परवडेल असा एक फ्लॅट दाखवा त्या बिल्डिंगीत! निम्म्या खिडक्या वर्षभर बंद असतात. मालक येतात डिसेंबरात, दिवे लावतात, जातात.

आणि हे आजचं नाही. कुठल्या जमिनीवर काय करायचं ते ठरवणारा प्रादेशिक आराखडा 2011 लोक रस्त्यावर उतरले तेव्हा 2007 मध्ये रद्द झाला. मग आला 2021 चा. त्यालाही भोकं पाडायला नगरनियोजन कायद्यात नवी कलमं, 2018 मध्ये 16बी, 2023 मध्ये 17(2). म्हणे आराखड्यातल्या 'चुका' दुरुस्त करायच्या! चुका नेमक्या बिल्डरांच्या जमिनीतच बऱ्या सापडतात. मार्च 2025 मध्ये उच्च न्यायालयाने 17(2) चे नियम रद्द केले, तोवर झोन बदलायचंच 2024 चं कलम 39ए तयारच होतं. एक दार लावलं की दुसरं उघडं. आम्ही नोकरीधंदा सोडून कोर्टात किती जायचं? वकिलाची फी काय आराखड्यात धरलीय?

हरकत लिहून नेली. कार्यालयातल्या बाईंनी शिक्का मारून पोचपावती दिली, वर म्हणाल्या, 'सुनावणी होईल न होईल, सांगू शकत नाही.' वा!

रविवारी ग्रामसभा आहे. ठराव मांडणार आहोत, वाड्यावरच्या सगळ्यांनी या, नुसते व्हॉट्सॲपवर अंगठे दाखवू नका. सरपंच म्हणतील, हे आमच्या हातात नाही, टीसीपीच्या हातात आहे. ठीक, मग टीसीपीवाल्यांना बोलवा. आमच्या अंगणात उभं राहून नळ सोडून बघू दे त्यांना, आणि ते दोन हजार चौरस मीटर कुठल्या पाण्यावर बांधणार ते तिथेच लिहून द्यायला सांगा.