दुखत नाही म्हणून

ताई,

गेल्या आठवड्यातल्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया मी तीन-चार वेळा वाचली. नाव दिलं नाहीत, पण कर्नाटकातल्या आपल्या खानापूर तालुक्यात आशा म्हणून काम करता एवढं सांगितलंत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: "'बायका लाजतात म्हणून स्तनाचा कॅन्सर उशिरा कळतो' हे बेळगावात बसून लिहायला सोपं आहे. आमच्या बायका लाजत नाहीत, त्यांना सवड नसते. मॅमोग्राफीचं, म्हणजे स्तनांचा एक्स-रे काढायचं मशीन जवळपास नाही, मग तपासायचं कशानं? दर महिन्याला आरशासमोर उभं राहा म्हणता, दार लावून घ्यायला वेगळी खोली किती घरांत आहे? आणि त्यानं जीव वाचतो याला पुरावा काय?"

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तिथं माझी चूक झाली आहे. शांघायमध्ये कापड गिरण्यांत काम करणाऱ्या सुमारे २ लाख ६६ हजार बायकांवर हा अभ्यास झालेला आहे. निम्म्यांना स्वतःचे स्तन कसे तपासायचे ते शिकवलं, पुन्हा पुन्हा उजळणी घेतली. दहा वर्षांनंतर पाहिलं तर दोन्ही गटांतले मृत्यू जवळपास सारखेच. शिकवलेल्या बायकांना साध्या, निरुपद्रवी गाठी मात्र जास्त सापडल्या, त्यापायी तपासणीसाठी टोचायच्या सुयाही जास्त लागल्या. निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे 'दर महिन्याला तपासा आणि जीव वाचवा' हे मी लिहिलं ते बरोबर नाही. ते वाक्य मी काढून टाकलं आहे. आपल्या अंगाची ओळख असावी, अंघोळ करताना हाताला काही निराळं लागलं तर ते लपवू नये, एवढंच त्यातलं ठेवलं आहे.

आता लाजेबद्दल. इथंही तुमचं निम्मं मान्य, पण 'सवड नाही' यानं माझं समाधान होत नाही. का, ते माझ्या मावशीच्या गोष्टीतून सांगते.

मावशी तुमच्याच तालुक्यातली. आषाढात रोप लावणी चालू असताना तिच्या हाताला गाठ लागली. घरात सांगितली ती दिवाळीनंतर, सुगी आटोपल्यावर. मी चिडून विचारलं, इतके दिवस गप्प का बसलीस? ती म्हणाली, "दुखत न्हाई गं. दुखलं असतं तर गेलो असतो की." त्यात लाज नव्हती, सवडीची तक्रारही नव्हती. तिच्या हिशेबात ते दुखणंच नव्हतं. आपल्याकडं बाईचं आजारपण काम अडलं की सुरू होतं. कंबर धरली, ताप चढला, हात उचलेना, तर दवाखाना. ही गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाही, काम अडवत नाही, भूक मारत नाही. पहिल्यांदा ज्या डॉक्टरांकडं नेलं त्यांनीही हात न लावता गोळ्या लिहून दिल्या, त्यात आणखी दोन महिने गेले. बेळगावला आणली तेव्हा काखेतही गाठी होत्या. पुढची दिवाळी तिनं पाहिली, त्यानंतरची नाही.

म्हणून मला वाटतं, आपल्याकडं नाही ती एकच सवय: बरं वाटत असताना तपासून घ्यायची. आणि ती बायकांना मुळातच नाही असं म्हणता येत नाही, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. पोटुशी बाई काही दुखत नसतानाही उपकेंद्रात येते, वजन करते, रक्त देते, पोट तपासून घेते. आईनं, सासूनं, तुम्ही मिळून ही सवय लावलीत. पण दुसरं-तिसरं मूल झालं, ऑपरेशन झालं, की त्या दाराशी तिचा संबंध तुटतो. तेव्हा ती जेमतेम पंचविशी-तिशीत असते. सरकारी कार्यक्रमात स्तनाची तपासणी सुरू होते ती तिशीपासून, ६५ व्या वर्षापर्यंत, दर पाच वर्षांनी. म्हणजे जिथं सरकार तिला बोलवायला लागतं, तिथं तिचं येणं थांबलेलं असतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या बायकांना विचारलं, कॅन्सरसाठी तुमचे स्तन कधी कुणी तपासलेत का? देशभरात शंभरात एकीचंही उत्तर 'हो' भरलं नाही, ०.९ टक्के.

तिकिटाचं म्हणाल तर कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेमुळं जून २०२३ पासून बाईला सरकारी बसचे पैसे पडत नाहीत. बुडते ती दिवसाची मजुरी, आणि तो तोटा खरा आहे, मी तो कमी लेखत नाही. म्हणूनच तपासणी गावात व्हायला हवी.

आणि मशीन नाही म्हणून काही करता येत नाही, हे मात्र मला अजिबात मान्य नाही. मुंबईत टाटा मेमोरियलनं १९९८ पासून झोपडपट्ट्यांतल्या ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखावर बायका घेऊन वीस वर्षं अभ्यास केला. मशीन नव्हतं, डॉक्टरही तपासत नव्हते. शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका त्यांतल्या एका गटाला दर दोन वर्षांनी हातानं तपासायच्या, अशा चार फेऱ्या. तपासलेल्या गटात कॅन्सर लवकरच्या टप्प्यावर सापडला. पन्नाशीच्या पुढच्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्यांत मृत्यू कमी झाल्याचं दिसलं नाही, तेही सांगायला हवं. हा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. तरुण वयात स्तन घट्ट असतात, तेव्हा मॅमोग्राफीलाही गाठ नीट दिसत नाही, त्यामुळं मशीन आलं की सगळं सुटेल असं नाही. बोटांच्या पेरांनी, हलकं, मग थोडं दाबून, मग खोल, गळ्याच्या हाडापासून काखेपर्यंत. हे उपकेंद्रातल्या सिस्टरांना करता येतं.

तुम्ही आशा घरोघरी जाऊन तब्येतीचा फॉर्म भरून घेता, त्याबद्दलही बोलायचं आहे. त्यात प्रश्न आहेत: स्तनात गाठ आहे का, बोंडातून रक्त येतं का, आकार बदलला का. फॉर्म कन्नडमध्ये असला तरी तुम्ही मराठीतच विचारता, ते ठीकच. पण कुठं विचारता? माझ्या माहेरी मी पाहिलंय, उंबऱ्यावर. आत सासरे खाटेवर, बाहेर दीर मोटरसायकल पुसतोय. तिथं 'न्हाई' याशिवाय कुठली बाई काय म्हणणार? लाज म्हणतात ती ही असेल तर ती बाईच्या स्वभावात नाही, त्या जागेत आहे. माझ्या लेखात हे यायला हवं होतं, ते आलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

'सुई लावली की पसरतं' ही भीती तुम्हालाही रोज भेटत असेल. तपासणीच्या सुईनं कॅन्सर पसरत नाही आणि बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात, हे दोन्ही एकाच दमात सांगा. उपचाराच्या पैशांसाठी इकडचं आरोग्य कर्नाटक कार्ड आहे. महाराष्ट्रानंही २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी मोफत उपचारांची महात्मा फुले योजना जाहीर केली. पण ही कार्डं कामाला येतात ती रोग सापडल्यावर, आणि मावशीला सापडायलाच उशीर झाला.

मला एक सुचतं, ते जमेल का हे तुम्हीच सांगा. बाळाला डोस द्यायच्या दिवशी उपकेंद्रात कोण येतं? पुष्कळदा आजी. सून रोजगाराला, नातू आजीच्या कडेवर. पन्नाशीची बाई, मुंबईत जिला सगळ्यात जास्त फायदा झाला तीच, आपण न बोलावता दारात उभी असते. बाळाला सुई दिल्यावर अर्धा तास थांबायला सांगतात. त्या अर्ध्या तासात सिस्टरांनी आजीला आत घेतलं तर? मजुरी बुडत नाही, घरी कुणाला काही सांगावं लागत नाही, दीर-सासरे तिथं नसतात.

त्यासाठी एक खाट लागेल आणि एक पडदा. खाट असतेच. तुमच्या उपकेंद्रात पडदा आहे का, तेवढं कळवा. नसेल तर खिडकी-दाराची मापं पाठवा. इथं बेळगावच्या वडगावात मागावाल्यांच्या ओळखी आहेत माझ्या, कापड आणून शिवून मी स्वतः घेऊन येते.