बोलायला लावता, मग फासा कशाला?

दर रविवारी सांगलीत, विश्रामबागेत आमचा डन्जन्स अँड ड्रॅगन्सचा (आपापलं पात्र घेऊन बोलत खेळायचा, फाशावर निकाल लागणारा खेळ) डाव बसतो आणि दर रविवारी माझं डोकं याच गोष्टीवरून फिरतं. काल तर कहरच झाला. आमच्यातला एक जण एरवी तोंडातून शब्द काढत नाही. काल तो वेशीवरच्या पहारेकऱ्याशी चांगली पाच मिनिटं बोलला. पहारेकऱ्याच्या आजारी पोरीचा विषय काढला, दोन डावांपूर्वी मिळालेलं औषध पुढे केलं. भडंगात घातलेले हात तिथंच थांबले. आणि डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, म्हणतो, "छान. आता पर्सुएशन टाक." म्हणजे पटवता आलं का ते ठरवणारा वीस बाजूंचा फासा, पडले ३. "नाही ऐकत तो." पोरगं जे गप्प झालं, ते उठेपर्यंत गप्पच.

अरे, बापाला पोरीचं औषध मिळतंय, तो नाही कशाला म्हणेल? निकालाची खात्री नसेल तेव्हाच फासा टाकायचा, हे नियमातच आहे. टाकायचाच तर लक्ष्य, म्हणजे गाठायचा आकडा, १५ वरून १० वर आण. नाहीतर अ‍ॅडव्हान्टेज दे, दोनदा टाकून मोठा आकडा धरू दे.

पुढच्याच प्रसंगात दुसरा नुसतं "मी राजाला पटवतो" म्हणाला, पडले २०, आणि वैरी राजानं खजिना उघडला! २०१४ च्या नियमांत स्किल चेकला, म्हणजे अशा कौशल्याच्या फाशाला, २० म्हणजे आपोआप यश नाहीच. वैर धरलेला माणूस लक्ष्य गाठलं तरी स्वतःला धोका किंवा झळ नसेल तेवढंच करतो. हे मी तीनदा वाचून दाखवलंय. येत्या रविवारी चौथ्यांदा वाचणार.