वारूळ हे निव्वळ घर नव्हे

वाळवीच्या उत्क्रांतीत वाळवीचाही हात असतो, या माझ्या म्हणण्यावरची तुमची प्रतिक्रिया कालपासून डोक्यात घोळते आहे. ‘निवड परिस्थिती करते, जीव फक्त टिकतो किंवा संपतो. वाळवीने वारूळ बांधलं म्हणून उत्क्रांतीत तिचाही हात आहे असं म्हणणं म्हणजे लामार्कला मागच्या दाराने घरात घेणं,’ असं तुम्ही लिहिलंत. वारसा फक्त जनुकांतून येतो, असंही.

लामार्कचं आधी बोलतो. जिवाने हयातीत कमावलेले गुण त्याच्या पिल्लांत उतरतात, असं या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाचं म्हणणं. माती वाहणारी कामकरी वाळवी अंडीच घालत नाही, मग तिने कमावलेलं पुढच्या पिढीत उतरणार कसं? डार्विनने १८५९ साली लामार्कविरुद्ध नेमका हाच मुद्दा मांडला होता, वांझ कामकरी कीटकांचा. तेव्हा निवडीबद्दल आपलं भांडण नाहीच. प्रश्न एवढाच की निवड करणारी परिस्थिती आली कुठून?

गेल्या पावसाळ्यात आमच्या बांधावरचं वारूळ जेसीबीने अर्धं कापलं गेलं. आत अक्रोडाच्या गरासारखे सुरकुतलेले, मऊ, तपकिरी गोळे होते आणि त्यांवर खसखशीएवढे पांढरे दाणे. हात घातला तर ओलसर ऊब. ही वाळवीची शेती. लाकूड, वाळलं गवत खाऊन ती ते अर्धवट पचलेलं तिथे रचते, टर्मिटोमायसिस नावाची बुरशी त्यातलं लिग्निन, म्हणजे लाकडाला कडक करणारं द्रव्य, फोडते, मग वाळवी ते पुन्हा खाते. वाळवीची कातडी इतकी पातळ की उघड्या उन्हात ती बघता बघता सुकते. (वाळवी मुंगी नव्हे, झुरळांच्या कुळातली आहे.)

तुमच्या मांडणीत जीव म्हणजे आयत्या बिळावरचा नागोबा. वाळवीचं तसं नाही. ज्या दमट अंधारात तिची पिढ्यान्‌पिढ्या निवड होत आली, तो तिच्याच पूर्वजांनी घडवलेला. त्या बुरशीलाही आता वारुळाबाहेर थारा नाही. हे नातं आफ्रिकेत सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वी जुळलं, ते आजतागायत कुठल्याच बाजूने सोडलेलं नाही.

जीव आपली परिस्थिती स्वतः घडवतात हे सांगायला उत्क्रांतीचा वेगळा सिद्धांत हवा का, यावर २०१४ साली ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात शास्त्रज्ञांच्या दोन गटांनी समोरासमोर लिहिलं. आहे तो पुरेसा आहे, असं म्हणणाऱ्यांकडे माझाही कल आहे. तिथे तुमचं-माझं जमेल.

पण वारसा फक्त जनुकांतून येतो, हे तुमचं वाक्य मला पटत नाही. पावसाळ्यात वारुळावर उगवणारी अळंबी आपण भाजीला आणतो, ती याच बुरशीची. पावसाच्या सुरुवातीला उडून गेलेली जोडी नवं घर थाटते तेव्हा बहुतेक जातींत तिच्याजवळ बुरशी नसतेच. तिची पहिली कामकरी पिल्लं बाहेर पडतात आणि जुन्या वारुळांवरच्या अळंब्यांतून मातीत पडलेले बीजाणू उचलून घरी नेतात. हा वारसा जनुकांतून नव्हे, मातीतून आला.