चौथ्या मालकाचा पत्ता

पुतण्याने गाडीचे फोटो पाठवले तेव्हा इथे मेलबर्नमध्ये रात्रीचे अकरा वाजले होते. नऊ वर्षं जुनी जर्मन सेडान, एमएच ०२ म्हणजे अंधेरीचं पासिंग, काळी कुळकुळीत, बाणेरच्या एका डीलरकडे उभी. खाली एकच ओळ: ‘शून्य ते शंभर पाच सेकंदांत’. घरच्या ग्रुपवर लगेच परिसंवाद सुरू झाला. दादाने विचारलं, "किती देते?" वहिनीला सोसायटीच्या पार्किंगची काळजी. आईला काळा रंगच नको. आणि पाच सेकंदांत शंभर गाठून पुढे युनिव्हर्सिटी चौकात अर्धा तास उभं राहायचं ना, हे मेव्हण्यांनी लक्षात आणून दिलं.

मी विचारलं, "चासी नंबर काय?" त्यावरून कंपनीकडे गाडीची कुंडली निघते.

ग्रुप गप्प. थोड्या वेळाने पुतण्याचाच फोन आला. "काका, एअरबॅग आठ आहेत. तू तेच विचारणार होतास ना?"

आपल्याकडे गाडीच्या सुरक्षिततेचा वाद गेली काही वर्षं या मोजणीतच अडकलेला आहे. जुलै २०१९ पासून चालकाची एअरबॅग सक्तीची झाली, मग शेजारच्या सीटची. सहा सक्तीच्या कराव्यात असा प्रस्ताव आला, एकदा पुढे ढकलला गेला आणि २०२३ मध्ये गडकरींनीच सक्ती करणार नाही म्हणून सांगून टाकलं. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून भारत एनकॅप, म्हणजे गाडी आदळून बघून सुरक्षिततेचे तारे देणारी योजना, सुरू झाली. चांगलंच झालं. पण भिंतीवर आदळून बघतात ती कोरी गाडी. नवव्या वर्षी, तिसऱ्या-चौथ्या मालकाकडे गेलेल्या गाडीच्या स्टिअरिंगमध्ये काय दडलंय, ते कोण बघतं?

मला हा प्रश्न पडला तो काही माझ्या हुशारीने नाही. २०१८ मध्ये माझ्या जुन्या हॅचबॅकसाठी कंपनीचं पत्र आलं: चालकाची एअरबॅग फुकट बदलून देतो, गाडी घेऊन या. फुकट म्हटलं की पुणेकराला आधी शंका येते. गाडी आत घेतील आणि ब्रेक पॅडपासून वायपरपर्यंत सगळं संपलंय म्हणून सांगतील, असं वाटून मी ते पत्र फ्रिजवर चुंबकाखाली लावून ठेवलं. दुसरं आलं, तिसरं आलं, मेसेज आले. एका शनिवारी तर दारावर माणूस आला, हातात यादी घेऊन. शेवटी कळलं की एअरबॅग बदलली नाही तर रजिस्ट्रेशनच रद्द होऊ शकतं. मग मात्र मी निमूट गेलो. दीड तासात काम झालं. ब्रेक पॅडचा विषयसुद्धा कोणी काढला नाही.

ते प्रकरण टकाटाचं. टकाटा ही एअरबॅग बनवणारी जपानी कंपनी. पिशवी फुगवायला गॅस लागतो, तो तयार करणारा इन्फ्लेटर म्हणजे शू पॉलिशच्या डबीसारखी एक धातूची डबी. टकाटाने तिच्यात अमोनियम नायट्रेट वापरलं, जे खतात असतं तेच. दमट हवा आणि उष्णता वर्षानुवर्षं खाऊन त्याच्या वड्या ठिसूळ होतात, वाजवीपेक्षा जोरात पेटतात आणि डबीच फुटते. मग पिशवीबरोबर पत्र्याचे तुकडे समोरच्याच्या गळ्यात आणि छातीत घुसतात. किरकोळ ठोकरीतून माणूस वाचायचा, तो एअरबॅगमुळे जायचा. जगभरात सुमारे दहा कोटी इन्फ्लेटर परत मागवावे लागले. २०१७ च्या फेब्रुवारीत कंपनीने अमेरिकेत गुन्हा कबूल केला आणि जूनमध्ये दिवाळं काढलं.

त्या यादीत होंडा, टोयोटा होत्या, तशा बीएमडब्ल्यू, मर्सिडीज आणि फेरारीसुद्धा. कोट्यवधींच्या गाडीत आणि माझ्या डबड्यात तीच डबी. पुतण्याला हे सांगितलं तर तो क्षणभर खूश झाल्यासारखा वाटला.

ऑस्ट्रेलियाची आरती ओवाळायची नाहीये मला. इथेही कितीतरी वर्षं सगळं कंपन्यांच्या मर्जीवर चाललं होतं. काही गाड्यांमध्ये तर जुनी टकाटा काढून नवी टकाटाच बसवली, म्हणजे तीही पुन्हा बदलायची. जुलै २०१७ मध्ये सिडनीत एक ५८ वर्षांचा माणूस गेला, त्यानंतर २०१८ मध्ये सरकारने सक्तीचा आदेश काढला. सुमारे तीस लाख गाड्या, मुदत ३१ डिसेंबर २०२०. मधेच, २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये, काही जुन्या बीएमडब्ल्यू थ्री सिरीजच्या मालकांना तर गाडी चालवणं ताबडतोब बंद करा म्हणून सांगितलं गेलं. त्यांची एअरबॅग टकाटाचीच, पण प्रकार वेगळा. आधी मुडदा, मग कायदा, हे इथेही चुकलं नाही. फरक पडला तो त्यानंतर. रजिस्ट्रेशन ठरावीक मुदतीने नवं करावं लागतं, त्यामुळे गाडी आज कोणाकडे आहे ते सरकारला ठाऊक असतं. म्हणून तो यादीवाला माझ्या दारात येऊ शकला.

कल्याणीनगरच्या अपघाताबद्दल परक्या देशात बसून बोलणं सोपं आहे, तरी बोलतो. १९ मे २०२४ च्या पहाटे त्या पोर्शेने दोन तरुण जीव घेतले. अल्पवयीन चालकाला जामीन देताना लिहायला सांगितलेल्या तीनशे शब्दांच्या निबंधावर देशभर संताप झाला आणि तो व्हायलाच हवा होता. पब, पैसा, बाप, सगळ्यावर बोलून झालं. माझ्या डोक्यातून मात्र दुसराच आकडा जात नाही. ती गाडी कायम नोंदणीशिवाय फिरत होती, कारण १,७५८ रुपयांचं शुल्क भरलं नव्हतं. इतकी महाग गाडी पुण्याच्या रस्त्यावर धावते आणि आरटीओच्या वहीत ती पुरती उतरलेलीच नसते. अशी गाडी उद्या परत मागवायची झाली, तर पत्र कुठे टाकणार?

कायदा आपल्याकडेही आहे. २०१९ च्या दुरुस्तीने सरकारला गाड्या परत मागवायचा आदेश देता येतो, १ एप्रिल २०२१ पासून नियम लागू आहेत, कंपनीला एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. पण नियम सात वर्षांच्या आतल्या गाड्यांसाठी. टकाटाची डबी तर जितकी म्हातारी तितकी घातक! आणि जुन्या गाड्यांच्या बाजारात फिरते ती नेमकी सात वर्षांपुढची. त्यात पुण्याच्या बाजारात मुंबईच्या गाड्या पुष्कळ. पुण्याची हवा कोरडी म्हणून निर्धास्त राहाल, पण त्या डबीने अंधेरीचे आठ पावसाळे खाल्लेले असतात.

शिवाय ठोकलेली गाडी. एअरबॅग उघडून गेली की नवी महाग पडते, म्हणून डॅशबोर्ड शिवून घ्यायचा, आत एअरबॅग असल्याचं भासवणारा एक रेझिस्टर टाकायचा, नाहीतर समोरचा इशाऱ्याचा दिवाच काढून टाकायचा. गिऱ्हाईक सनरूफ उघडून बघतं. एअरबॅगचा दिवा चावी फिरवल्यावर लागून विझतो की लागतच नाही, हे बघणारा मला अजून भेटायचाय.

वर आपल्याकडे रिकॉल म्हणजे कंपनीची नाचक्की. ‘गाड्या परत मागवल्या’ अशी बातमी आली की दादा म्हणतो, "बघ, वाचलो, ती घेतली नाही ते." मला तर जी कंपनी कधीच काही परत मागवत नाही तिचीच जास्त भीती वाटते.

चासी नंबर अखेर मिळाला. डीलर हसला म्हणे: "साहेब, तिकडचं फॅड आहे ते." पुतण्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेला. कॉम्प्युटरवर निघालं की शेजारच्या सीटची एअरबॅग बदलायची राहिलेली आहे. पत्रं गेली होती, पाच वर्षांपूर्वी, अंधेरीला, पहिल्या मालकाच्या पत्त्यावर. तो फ्लॅट विकून गेलेला. चौथ्या मालकाचं नाव त्यांच्याकडे नव्हतंच, ते पुतण्याने काउंटरवर सांगून लिहून घ्यायला लावलं.

गाडी त्याने घेतलीच. पार्ट यायला सहा आठवडे लागतील म्हणालेत. तोवर पुढे शेजारी कोणी बसायचं नाही असं त्याने घरात जाहीर केलंय, त्यामुळे वहिनी मागे बसते. मागे बेल्ट लावतेस का, हे तिला विचारायचं माझ्या मनात दोनदा आलं. आधीच आगाऊ दीर झालोय, म्हणून अजून विचारलेलं नाही.